वादामागील तारणाचा ध्यास : पूर्व ख्रिस्तमंडळीच्या आद्य आचार्यांचा आढावा

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारपेठेत लोक काय बोलत असत, याचे एक वर्णन निस्साचा बिशप ग्रेगरी याने आपल्या एका प्रवचनात करून ठेवले आहे. नाण्याची मोड मागावी तर सराफ जनित आणि अजनित यांचा खल सुरू करतो. पावाचा भाव विचारावा तर भटारी पिता श्रेष्ठ आणि पुत्र त्याच्या अधीन असल्याचे सांगतो. हमामात पाणी तापले काय म्हणून चौकशी करावी तर तेथला गडी पुत्राची उत्पत्ती शून्यातून झाल्याचा निर्वाळा देतो. ग्रेगरी हे त्रासून सांगत होता. परंतु पुढे गिबनसारख्या अठराव्या शतकातील बुद्धिवादी इतिहासकारांनी पूर्वेकडील ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या साऱ्या कालखंडावर जो निकाल दिला त्याचा सूरही असाच लागला, की साम्राज्य ढासळत असता ही मंडळी शब्दांचा कीस पाडीत बसली होती. आपल्याकडे इंग्रजी विद्येबरोबर युरोपचा जो इतिहास आला त्यात रोम आले, ऑगस्टीन आला, लूथर आला. अथानासियस, बॅसिल, एफ्रेम, मॅक्झिमस ही नावे मात्र मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडली, आणि पडली तेव्हा बहुधा या आरोपासकटच पडली.

हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. या आचार्यांचे ग्रंथ, पत्रे, प्रवचने आणि चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते, की वादांची नावे बदलली, पक्ष बदलले, बादशहा बदलले, तरी तळाशी वाहणारा प्रश्न एकच राहिला: नश्वर मनुष्याला ईश्वरी जीवनात खरोखर सहभागी होता येते काय, आणि येत असेल तर ते कोणाच्या द्वारे? ख्रिस्त पूर्णतया ईश्वर नसेल तर त्याच्या आधाराने मनुष्य ईश्वरापर्यंत पोचत नाही. आणि तो पूर्णतया मनुष्य नसेल तर जे काही पोचते ते आपले मनुष्यत्व असत नाही. दुसऱ्या शतकातील इग्नेशियसपासून आठव्या शतकातील दमास्कसच्या जॉनपर्यंत, ग्रीक, सिरियाक आणि कॉप्टिक या तिन्ही भाषांत, आज इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान आणि इराक या देशांत मोडणाऱ्या मुलखात जे काही लिहिले गेले, ते या दुहेरी कसोटीवर घासून पाहिले असता त्यातील बहुतेक कलहांचा अर्थ उलगडतो.

आरंभ बेड्यांनी झाला. अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याला ट्रेजन बादशहाच्या अमलात देहान्त शासनासाठी रोमला नेण्यात आले. दहा शिपायांच्या पहाऱ्यात आशिया मायनरमधून जाताना त्याने जी सात पत्रे लिहिली त्यांत, ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता असे म्हणणाऱ्यांना, त्याचा सवाल असा आहे की दुःखभोग भासमात्र असेल तर मी या साखळ्या कशासाठी वाहतो आहे? स्मर्ना येथे बालपणी वृद्ध पॉलिकार्पची वचने ऐकलेला आणि पुढे गॉल देशात ल्यों येथे बिशप झालेला इरिनियस याने 180 च्या सुमारास हाच मुद्दा सविस्तर ग्रंथरूपाने मांडला. जड सृष्टी ही कोणा कनिष्ठ देवतेची चूक आहे असे मानणाऱ्या ज्ञानवादी पंथांना त्याचे उत्तर होते, की ज्या हातांनी माती घडविली त्याच हातांनी ती सोडविली. पुढील सहा शतकांची दिशा या उत्तराने ठरून गेली.

अलेक्झांड्रियाचा रंग निराळा. त्या नगरीत ग्रीक तत्त्वज्ञान, ज्यू शास्त्राध्ययन आणि हिंदुस्थानाशी चालणारा दर्यावर्दी व्यापार ही तिन्ही एकत्र नांदत होती. तेथील ख्रिस्ती विद्यापीठाचा आचार्य पँटिनस हिंदुस्थानात जाऊन आल्याची वार्ता इतिहासकार युसिबियस देतो, आणि पँटिनसचा शिष्य क्लेमेंट याच्या ग्रंथात, परमसाधुत्वामुळे ज्याला काही हिंदी लोक देवाप्रमाणे पूजतात असा बुद्धाचा नामनिर्देश आढळतो. भूमध्यसागराच्या परिसरातील वाङ्मयात बुद्धाचे नाव घेणाऱ्या अगदी आरंभीच्या लेखकांत क्लेमेंटची गणना होते. पण या नगरीचे खरे वैभव म्हणजे ओरिजेन. त्याचा बाप लिओनिडीस 202 च्या सुमारास हुतात्मा झाला तेव्हा सतरा वर्षांच्या आतल्या या मुलाला बापामागे मरणास सामोरे जायचे होते, आणि आईने त्याचे कपडे लपवून ठेवले म्हणून तो घरात राहिला. पुढे अँब्रोज नावाच्या एका धनिक मित्राने त्याच्या दिमतीला सातांहून अधिक लघुलेखक दिले. ते ठरल्या वेळी पाळी बदलून त्याचे बोलणे टिपून घेत, तितकेच नकलनवीस त्याच्या प्रती करीत, आणि सुवाच्य लेखनात तरबेज केलेल्या मुली त्यांच्या जोडीला असत. जुन्या कराराचा हिब्रू पाठ, त्याचेच ग्रीक लिपीतील रूप आणि चार ग्रीक भाषांतरे सहा रकान्यांत समोरासमोर मांडण्याचे त्याचे प्रचंड काम पाहिले म्हणजे पाठचिकित्सा हे शास्त्र आधुनिकांनी जन्मास घातले ही समजूत ढिली पडते.

ओरिजेनच्या विचारात धाडस होते आणि त्या धाडसाची किंमत त्याला मृत्यूनंतर द्यावी लागली. अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील, ही आशा त्याने बोलून दाखविली. डेसियस बादशहाच्या छळात 250 साली त्याने तुरुंगवास आणि यातना सोसल्या व त्यातून उठल्यावर काही वर्षांतच तो वारला. आणि तीनशे वर्षांनी, 553 मध्ये, त्याच्या नावावर धर्मबहिष्काराचा शिक्का बसला. त्यामुळे त्याचे मूळ ग्रीक लेखन फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाले. ज्यांनी त्याला बहिष्कृत केले त्यांची शास्त्रवाचनाची रीत, त्यांची मीमांसा, त्यांची परिभाषा ओरिजेनकडूनच आलेली होती, ही गोष्ट मला या परंपरेतील सर्वांत मोठी कृतघ्नता वाटते. 2012 साली म्यूनिकच्या ग्रंथालयातील एका ग्रीक हस्तलिखितात स्तोत्रसंहितेवरील त्याची 29 प्रवचने सापडली, तेव्हा कितीतरी शतके अबोल राहिलेला हा आवाज पुन्हा थोडा ऐकू आला.

आता ज्या वादाने साम्राज्य ढवळून निघाले त्याकडे वळावयाचे. अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू एरियस याचे म्हणणे, की पुत्र कितीही थोर असला तरी तो निर्मित आहे आणि तो नव्हता अशी एक अवस्था होती. हे मत वरकरणी साधे, तर्काला पटणारे आणि एकेश्वरवादाचे रक्षण करणारे दिसते. म्हणूनच ते पसरले. 325 मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसिया येथे बोलाविलेल्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरविले, परंतु हा ठराव होताच वाद मिटला असे समजणे चूक आहे. खरा वाद तेथून सुरू झाला, आणि पुढील अर्धशतकात दरबारचे वजन बहुतेक काळ ठरावाच्या विरोधकांकडेच राहिले. या काळात त्या ठरावाची पैरवी प्राणपणाने केली ती अथानासियसने. 328 ते 373 अशा पंचेचाळीस वर्षांच्या बिशपपदापैकी सुमारे सतरा वर्षे त्याने हद्दपारीत काढली, आणि चार बादशहांच्या हुकमांनी तो पाच वेळा आपल्या नगरीतून निघाला. 356 च्या फेब्रुवारीतील एका रात्री थिओनासच्या मंदिरात जागर चालू असता फौजेने वेढा घातला. अथानासियस आपल्या आसनावरून हलला नाही. त्याने उपगुरूला एक स्तोत्र वाचावयास सांगितले, लोकांनी प्रत्येक चरणाला ध्रुपद म्हणावे अशी आज्ञा केली, आणि दारे फुटून शिपाई नंग्या तलवारींनिशी आत घुसले तरी बहुतेक लोक बाहेर पडेपर्यंत तो थांबून राहिला. नंतर त्याच गर्दीतून तो निसटला आणि सहा वर्षे वाळवंटातील संन्याशांच्या आश्रयाने वावरला.

अथानासियस निष्कलंक होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या माणसांनी मेलिशियन पक्षाच्या लोकांना मारहाण केल्याची हकीगत सांगणारे एक समकालीन पत्र पपायरसवर उपलब्ध आहे, आणि ते विरोधकाचे असले तरी सहजासहजी बाजूस सारता येत नाही. परंतु ‘शब्दाचे देहधारण’ या आपल्या लहानशा ग्रंथात त्याने जी एक गोष्ट लख्खपणे पाहिली, की मनुष्याने ईश्वरी जीवनात सहभागी व्हावे यासाठीच ईश्वर मनुष्य झाला, ती सुटली असती तर पूर्वेकडील सारे धर्मचिंतन उपदेशाच्या पातळीवर उतरले असते. निर्मित पुत्र गुरू होऊ शकतो, आदर्श होऊ शकतो, दूत होऊ शकतो. तो तारणारा होऊ शकत नाही. एवढ्यासाठी सतरा वर्षांची हद्दपारी पत्करणाऱ्या माणसाला शब्दच्छलाचा दोष देणे मला जमत नाही. नव्या कराराच्या 27 ग्रंथांची आज मान्य असलेली यादी प्रथम नेमकेपणाने दिसते तीही त्याच्याच 367 च्या एका वार्षिक पत्रात.

अथानासियसने लिहिलेल्या अँथनीच्या चरित्राने वाळवंटाची कीर्ती दूरवर नेली. नाईलच्या काठी पाखोमियसने सामुदायिक मठाची घडी बसविली, आणि स्केटिस, केलिया या ठिकाणी एकान्तवासी तपस्व्यांच्या वसाहती झाल्या. त्यांची वचने आणि आख्यायिका पुढे संकलित झाल्या; त्यांत साराह आणि सिंक्लेटिका या तपस्विनींचीही वचने आहेत. एका चुकलेल्या बंधूचा न्यायनिवाडा करण्यासाठी सभा भरली असता मोझेस नावाचा, पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेला काळा तपस्वी पाण्याचे गळके मडके पाठीवर घेऊन तेथे गेला, आणि कारण विचारता म्हणाला, की माझी पापे माझ्यामागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करावयास आलो आहे. सभा तेथेच बरखास्त झाली.

या वाळवंटाला शास्त्र दिले ते इव्हॅग्रियसने. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधील विद्वत्ता आणि एका विवाहित स्त्रीविषयीची आसक्ती, दोन्ही मागे टाकून तो इजिप्तमध्ये आला आणि 399 मध्ये केलिया येथेच वारला. मनाला ग्रासणारे आठ विचार त्याने निश्चित केले: खादाडपणा, कामवासना, लोभ, विषाद, क्रोध, आळसावून टाकणारा उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. षड्रिपूंची गणना पाठ असलेल्या आपल्या वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. पण त्यातील उबगाचे जे वर्णन इव्हॅग्रियस करतो त्याला तोड नाही. दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो, संन्यासी पुन्हा पुन्हा खोपटाबाहेर येऊन तिसऱ्या प्रहराच्या भोजनाला किती अवकाश आहे ते पाहतो, कोणी बंधू भेटीला येतो आहे काय म्हणून वाट न्याहाळतो, मग या जागेचाच त्याला वीट येतो आणि आपल्याला इथे कोणी प्रेमाने विचारीत नाही असे वाटू लागते. ओरिजेनबरोबर इव्हॅग्रियसवरही बहिष्कार पडला. परंतु त्याचे काही ग्रंथ दुसऱ्याच्या नावाखाली ग्रीकमध्ये आणि काही सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत टिकले, आणि ज्यांनी त्याला शापिले त्यांच्याच मठांतून भक्तिभावाने वाचले गेले.

यापुढचे प्रकरण कॅपॅडोशियाचे, आणि माझ्या मते साऱ्या आढाव्याचे ते हृदय आहे. एकाच सरदारी घराण्यातील बॅसिल, त्याचा धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी, थोरली बहीण मॅक्रिना, आणि अथेन्सच्या विद्यार्थिदशेपासूनचा बॅसिलचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी या चौघांनी मिळून नायसियाच्या ठरावाला तत्त्वज्ञानाची भाषा दिली: ईश्वर तत्त्वाने एक आणि व्यक्तींनी तीन. पवित्र आत्म्याविषयीचा बॅसिलचा ग्रंथ 375 चा, नाझियान्झसच्या ग्रेगरीची राजधानीतील पाच धर्मतत्त्वपर भाषणे 380 च्या आसपासची, आणि त्रैक्याचा सिद्धान्त स्थिर करणारी कॉन्स्टँटिनोपलची परिषद 381 ची. त्या परिषदेचे अध्यक्षपद काही काळ भूषवून, तेथील हेव्यादाव्यांना विटून, ग्रेगरीने राजीनामा दिला आणि गावी जाऊन कवितेत आत्मचरित्र लिहिले.

पण बॅसिलची थोरवी केवळ ग्रंथांत शोधणाऱ्याला अर्धाच बॅसिल सापडेल. 368-69 च्या सुमारास कॅपॅडोशियात दुष्काळ पडला तेव्हा कोठारे भरून ठेवणाऱ्या सावकारांना त्याने प्रवचनांतून असे खडसावले, की पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे आणि साठविलेली भाकरी भुकेल्याची आहे. आणि बोलून न थांबता धान्य उघडावयास लावून त्याने स्वतः कंबर बांधून अन्न वाढले. बिशप झाल्यावर सीझरीया नगराबाहेर त्याने धर्मशाळा, रुग्णालय, महारोग्यांसाठी निवारा आणि कामगारांची घरे यांची अशी वसाहत उभारली, की तिला लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने तिला नवे नगरच म्हटले. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास पत्रांच्या दप्तरात धर्मतत्त्वांच्या खलाशेजारीच टॉरस पर्वतातील लोखंड काढणाऱ्या लोकांवरील कर हलका करावा म्हणून बड्या राज्याधिकाऱ्याला केलेला अर्ज आहे, आणि ही वसाहत राज्यकारभाराला कशी बाधक नाही याची सुभ्यापुढे केलेली कैफियत आहे. त्रैक्याचा विचार आणि करमाफीची मसलत एकाच लेखणीतून उतरली. त्या दोहोंत विरोध आहे असे त्या लेखणीच्या धन्याला वाटले नाही.

आणि मॅक्रिना. बाराव्या वर्षी वाङ्निश्चय झाला, नियोजित वर अकाली वारला, आणि दुसरा विवाह नाकारून ती आईजवळ राहिली. अथेन्सहून विद्येच्या मदाने फुगून आलेल्या बॅसिलला जमिनीवर आणले ते तिने. ॲनिसा येथील वतनवाडीवर दासींना एकाच पंक्तीला बसवून, त्यांच्यासारखेच अंथरूण आणि त्यांच्यासारखेच अन्न स्वीकारावयास आईला तयार केले तेही तिनेच. बॅसिलच्या निधनानंतर निस्साचा ग्रेगरी तिला भेटावयास गेला तेव्हा ती मरणशय्येवर, म्हणजे जमिनीवर टाकलेल्या एका फळीवर, पडलेली होती. श्वास लागत असताना तिने भावाला आत्मा आणि पुनरुत्थान यांविषयी समजाविले, आणि त्या संवादाला ग्रेगरीने जे ग्रंथरूप दिले त्यात तो तिला गुरू म्हणतो. ती गेल्यावर देह सजविण्यासाठी उत्तरीय शोधू लागले तर घरात काही नव्हते. गळ्यातील दोऱ्याला एक लोखंडी क्रूस आणि एक अंगठी एवढाच तिचा संचय. या बहिणीच्या घरी जे त्याने पाहिले होते त्याचाच प्रतिध्वनी मला जुन्या करारातील उपदेशक या ग्रंथावरील ग्रेगरीच्या चौथ्या प्रवचनात ऐकू येतो. ईश्वराच्या प्रतिमेला किती नाणी मोजलीस, असा गुलामांच्या मालकाला त्याचा प्रश्न आहे; आणि गुलामगिरीच्या मुळावरच घाव घालणारे इतके निःसंदिग्ध बोलणे प्राचीन जगातून आपल्यापर्यंत दुसरे आलेले नाही.

याच गुणाची दुसरी मूर्ती म्हणजे ‘सुवर्णमुखी’ जॉन क्रिसोस्टम. 387 साली करवाढीने खवळलेल्या अँटिऑकच्या रयतेने राजघराण्याचे पुतळे फोडले आणि नगरावर राजकोपाची तलवार लोंबू लागली, तेव्हा उपवासकाळातील आपल्या प्रवचनांनी त्याने त्या भयभीत लोकांना धीर दिला. वेदीवर रेशमी वस्त्रे घालून दाराशी कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरविणाऱ्यांना त्याने तेथेच फटकारले होते; 398 मध्ये राजधानीचा बिशप झाल्यावर त्याने बिशपवाड्याचा खर्च तोडून रुग्णालये चालविली आणि सम्राज्ञी युडोक्सियाचा रोष ओढवून घेतला. दोनदा हद्दपारी झाली. 407 मध्ये उन्हापावसात सक्तीने चालविले जात असता कोमाना येथे त्याचा अंत झाला. तथापि अँटिऑकमध्ये ज्यूंविरुद्ध त्याने दिलेली आठ प्रवचने वाचताना मन विषण्ण होते. सभास्थानाकडे आकृष्ट होणाऱ्या ख्रिस्ती लोकांना परतविण्यासाठी ती दिली होती, हे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरेसे नाही. पुढील शतकांतील ज्यूद्वेष्ट्यांना त्यातून हत्यारे मिळाली, आणि क्रिसोस्टमवर प्रेम करणाऱ्यानेही ते लपवू नये.

ग्रीक आचार्यांतच हा आढावा संपविण्याची चाल युरोपीय ग्रंथांत फार दिवस होती. परंतु येशूच्या स्वतःच्या भाषेच्या सख्ख्या भगिनीत, म्हणजे सिरियाकमध्ये, लिहिणाऱ्यांचा दरबार निराळाच आहे आणि त्याचा मुकुटमणी एफ्रेम. तो आयुष्यभर उपगुरूच राहिला. रोम आणि इराण यांच्या सरहद्दीवरील निसिबिस हे त्याचे गाव; 350 च्या वेढ्यात शापुर बादशहाने नदीचे पाणी अडवून तटावर सोडले, तेव्हा पुराने वेढलेल्या आपल्या नगराला त्याने आपल्या काव्यात नोहाच्या तारवाच्या मुखाने बोलविले. 363 मध्ये रोमनांनी तहनाम्याने निसिबिस इराणच्या हवाली केले, ख्रिस्ती रहिवासी घरेदारे सोडून निघाले, आणि एफ्रेमने आयुष्याची शेवटची दहा वर्षे एडेसा येथे काढली. तेथे पाखंडी मानल्या गेलेल्या बारदैसानच्या अनुयायांची गाणी लोकांच्या ओठी होती. एफ्रेमने त्याच धाटणीच्या चालींवर आपली पदे रचिली, ती गाण्यासाठी स्त्रियांचे गायकवृंद तयार केले, आणि मंदिरात स्त्रीचा आवाज उंचावला याबद्दल दीडशे वर्षांनी सरूगच्या जेकबने त्याचे कौतुक केले.

एफ्रेमची पद्धती व्याख्येची नाही. ईश्वराभोवती व्याख्येचे कुंपण घालणे त्याला उद्धटपणाचे वाटे. त्याऐवजी तो रूपकांवर रूपके मांडतो आणि विरोधाभासांतून सत्य चमकू देतो. मोती हातात धरून तो फिरवून फिरवून पाहतो, त्याच्या प्रत्येक अंगावर एक नवे गूढ त्याला दिसते, आणि त्या एका मोत्यावर त्याची पाच पदे होतात. ग्रीक आचार्यांनी सिद्धान्ताने जे राखले ते त्याने गीताने राखले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सामान्य भाविकांच्या अंतःकरणात ते अधिक खोल रुजले. 373 च्या सुमारास एडेसात दुष्काळ पडला तेव्हा धनिकांनी त्याच्यावर विश्वास ठेवून पैसा दिला आणि त्यातून त्याने आजाऱ्यांसाठी तीनशेच्या आसपास खाटांची सोय केली, असे इतिहासकार सोझोमेन सांगतो. त्याच वर्षी तो वारला.

पाचवे शतक दुःखाचे. अलेक्झांड्रियाचा सिरिल आणि राजधानीचा बिशप नेस्टोरियस यांच्यातील वाद मरियेला देवमाता म्हणावे की नाही येथून पेटला, 431 मध्ये इफिसस येथे नेस्टोरियसचा निषेध झाला, आणि 451 मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने एका व्यक्तीत दोन स्वभाव हे सूत्र ठरविले. सिरिलच्या विचारांची ताकद निर्विवाद आहे. परंतु 415 मध्ये त्याच्याच नगरीत ख्रिस्ती जमावाने तत्त्वज्ञ हायपेशियाची हत्या केली याचा कलंक समकालीन ख्रिस्ती इतिहासकार सोक्रेटिसलाही झाकता आला नाही, आणि इफिससनंतर दरबारी मंडळींना पाठविलेल्या गालिचे, हस्तिदंती आसने व सोने यांच्या नजराण्याची यादी आजही वाचावयास मिळते. कॅल्सिडॉननंतर कॉप्ट, पश्चिम सीरियन आणि आर्मेनियन एका बाजूस गेले, इराणच्या अमलाखालील पूर्व सीरियन दुसऱ्या बाजूस राहिले, आणि साम्राज्याने फौजेच्या बळावर एकमत घडवू पाहिल्याने जखम चिघळली. नेस्टोरियसचे स्वतःचे समर्थन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिरियाक हस्तलिखितात हाती आले तेव्हा त्याच्यावर लादलेले मत त्याचे नव्हते असे अनेक विद्वानांचे मत झाले. आणि 1973 मध्ये रोम व कॉप्टिक मंडळी यांच्यात, 1994 मध्ये रोम व असिरियन मंडळी यांच्यात जी संयुक्त निवेदने झाली त्यांनी ख्रिस्तस्वरूपाविषयी उभयतांची श्रद्धा एकच असल्याचे मान्य केले. येथे शब्दांनी खरोखर घात केला, हे गिबनच्या पक्षाला मी मोकळ्या मनाने देतो.

उत्तरार्धातील दोन नावे टाळता येत नाहीत. ख्रिस्ताला मानवी इच्छाशक्ती होती काय, हा प्रश्न राजकीय सोयीसाठी विचारूच नये असे फर्मान 648 मध्ये निघाले. गेथशेमाने बागेत जी इच्छा थरथरली ती खरी मानवी नसेल तर आमच्या इच्छेचे आरोग्य कोणी केले, असा मॅक्झिमसचा बिनतोड प्रश्न होता. त्याबद्दल वयाच्या ऐंशीच्या घरात त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला कॉकेशसकडे धाडण्यात आले आणि 662 मध्ये तो तेथे वारला. वीस वर्षांच्या आत परिषदेने त्याचेच मत स्वीकारले. दुसरा दमास्कसचा जॉन. त्याचे घराणे उमय्या खलिफांच्या महसुली दप्तरात अधिकारावर होते. स्वतः तो जेरुसलेमच्या परिसरात संन्यासी झाला, आणि मुसलमानी अमलाखाली असल्याने बादशहाच्या हाताबाहेर राहून मूर्तिभंजनाविरुद्ध लिहू शकला. सृष्टीच्या कर्त्याने जड देह धारण केला म्हणून जडालाही आदर आहे, हे त्याचे प्रतिपादन म्हणजे इरिनियसचाच सूर पाच शतकांनी पुन्हा लागला. बर्लाम आणि जोसाफात ही प्रसिद्ध कथाही परंपरेने जॉनच्याच नावावर चढविली. ती आज जॉर्जियन संन्यासी युथिमियसकडे जाते, आणि तिचा नायक राजपुत्र म्हणजे आपला सिद्धार्थ गौतम, जो या मार्गाने ग्रीक आणि रोमन दोन्ही पंचांगांत संत म्हणून दाखल झाला.

हिंदुस्थानशी या परंपरेचे नाते याहून सरळही आहे. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस, कल्याणा नावाच्या बंदरी इराणहून नेमणूक झालेला बिशप असल्याचे लिहितो, आणि अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील आपले कल्याण मानतात. मलबारच्या संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांची उपासना शतकानुशतके सिरियाकमध्ये चालली. 1599 मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशु द मेनेझिस याने उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील सिरियाक ग्रंथांची झडती घेवविली, नेस्टोरियन ठरलेले ग्रंथ दुरुस्त करविले किंवा जाळविले, आणि त्या आगीत या परंपरेचे काय काय गेले याचा हिशेब आता लागणार नाही. त्यानंतर सतराव्या वर्षीच, 1616 मध्ये, त्याच गोव्याच्या भूमीत फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापून निघाले. मराठीत ख्रिस्ती वाङ्मय आले ते लॅटिन वाटेने आले आणि पूर्वेचे आचार्य त्या वाटेवर नव्हते.

सातव्या शतकात कतारच्या किनाऱ्यावर जन्मलेला आयझॅक हा कल्याणाला बिशप नेमणाऱ्या याच इराणी मंडळीचा. निनवेचा बिशप म्हणून पाच महिने काढून तो डोंगरात परतला, आणि करुणेने पेटलेले हृदय म्हणजे काय ते सांगताना मनुष्य, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि प्रत्यक्ष सैतानाचे दूत यांच्यासाठीही अश्रू ढाळणारी प्रार्थना त्याने वर्णिली. पसायदान ज्यांच्या कानात आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. ज्या मंडळीला ग्रीक लोक पाखंडी ठरवीत होते तिच्या या बिशपाचे ग्रंथ मार साबाच्या ग्रीक मठात भाषांतरित झाले, आणि कॅल्सिडॉन मानणारे, न मानणारे, साऱ्यांनी त्याला आपला संत म्हटले. आयझॅकची ही प्रवचने, ग्रेगरीने लिहिलेले मॅक्रिनाचे चरित्र, बॅसिलची दुष्काळातील प्रवचने आणि एफ्रेमची मोत्यावरील पाच पदे, एवढा संग्रह तरी ग्रीक आणि सिरियाक मुळांवरून, टीपांसह, मराठीत यावा. केरळात सिरियाक जाणणारे पंडित आहेत आणि पुण्यात धर्मविद्येची अध्यापनपीठे आहेत. या दोघांनी हात मिळविले तर हे काम दहा वर्षांच्या आटोक्यातले आहे.